एका कुपीतील दोन मूलद्रव्ये : अणूची रचना व इलेक्ट्रॉनांची मांडणी

१७८९ साली बर्लिन येथील रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लाप्रोट ह्यांनी सिंहलद्वीपातून आलेल्या झिर्कॉन ह्या रत्नाचे पृथक्करण केले आणि तोपर्यंत अज्ञात असलेले एक द्रव्य त्यात असल्याचे दाखविले. त्यातील मूलद्रव्यास पुढे झिर्कोनियम हे नाव रूढ झाले. त्यानंतर युरोपातील अनेक प्रयोगशाळांत झिर्कोनियमची संयुगे तयार करण्यात आली, त्यांचे स्फटिक पाडण्यात आले, त्यांची वजने काटेकोरपणे घेण्यात आली व त्यांचे गुणधर्म ग्रंथांत नोंदले गेले. परंतु ज्या कुपीवर ‘झिर्कोनियम’ अशी चिठ्ठी चिकटविलेली होती तिच्यात वस्तुतः दोन मूलद्रव्ये होती, ही गोष्ट १९२३ सालापर्यंत सिद्ध झाली नाही. एकशे चौतीस वर्षे निष्णात रसायनशास्त्रज्ञ ही दोन्ही मूलद्रव्ये एकच समजून हाताळीत होते.

येथे दोन प्रश्न उपस्थित होतात. ही मूलद्रव्ये जर निराळी होती, तर त्यांच्यात एवढे साम्य कसे? आणि त्यांच्यात एवढे साम्य होते, तर ती निराळी आहेत असे कशाच्या आधारावर ठरले? ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अणूच्या अंतर्रचनेत आहेत. म्हणून प्रथम त्या रचनेचा परिचय करून घेऊ, आणि मग ह्या लपलेल्या मूलद्रव्याच्या शोधाकडे वळू.

अणूचे घटक

अणू हा अविभाज्य आहे, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात सर्वत्र रूढ होती. १८९७ साली केंब्रिज येथे जे. जे. टॉमसन ह्यांनी निर्वात नळीतून विद्युत्‌प्रवाह जाऊ दिला असता निघणाऱ्या किरणांचा अभ्यास केला. हे किरण ऋण विद्युत्‌भार असलेल्या अत्यंत हलक्या कणांचे बनलेले आहेत, असे त्यांना आढळून आले. नळीत कोणताही वायू असो किंवा तिची टोके कोणत्याही धातूची असोत, कण तेच. ह्यावरून हे कण सर्व प्रकारच्या अणूंत असले पाहिजेत हे स्पष्ट झाले. ह्या कणास इलेक्ट्रॉन म्हणतात. हायड्रोजनचा अणू हा सर्व अणूंत हलका. पण इलेक्ट्रॉनचे वजन त्याच्याही सुमारे १,८३७ व्या हिश्शाइतकेच भरते.

अणू एरवी विद्युत्‌दृष्ट्या उदासीन असतो. तेव्हा त्यात इलेक्ट्रॉनांचा ऋणभार असेल, तर तितकाच धनभारही असावयास पाहिजे. तो कोठे असतो, ह्याचा शोध मँचेस्टर येथे अर्नेस्ट रदरफोर्ड ह्यांच्या प्रयोगशाळेत लागला. १९०९ मध्ये गायगर व मार्स्डेन ह्यांनी धातूच्या अतिशय पातळ पत्र्यांवर धनभारित अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण पत्र्यातून जणू काही अडथळाच नसल्याप्रमाणे पार गेले. परंतु हजारोंतून एखादा कण मात्र मागे उलटला. एवढ्या वेगवान कणास मागे परतविण्यासाठी अणूचा सर्व धनभार व जवळजवळ सर्व वस्तुमान एका अत्यंत लहान जागेत एकवटलेले असले पाहिजे, असा निष्कर्ष रदरफोर्ड ह्यांनी १९११ मध्ये काढला. ह्या जागेस अणुकेंद्र असे म्हणतात.

अणुकेंद्र किती लहान असते ह्याची कल्पना पुढील प्रमाणावरून येईल. अणू जर शंभर मीटर व्यासाच्या मैदानाएवढा मोठा केला, तर त्याचे केंद्र एखाद्या मोहरीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतच्या आकाराचे होईल. उरलेल्या सर्व जागेत फक्त इलेक्ट्रॉनांचा वावर असतो. केंद्रात दोन प्रकारचे कण असतात. धनभारित कणांस प्रोटॉन म्हणतात. भाररहित कणांस न्यूट्रॉन असे नाव असून त्यांचा शोध जेम्स चॅडविक ह्यांनी १९३२ मध्ये लावला.

दोन अणू एकमेकांजवळ येतात तेव्हा त्यांचे बाह्य भाग, म्हणजे इलेक्ट्रॉनच, परस्परांच्या संपर्कात येतात. केंद्रे एकमेकांपासून दूरच राहतात. म्हणून ज्वलन, गंजणे, विरघळणे, पचन इत्यादी सर्व रासायनिक क्रिया ह्या इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीच्या क्रिया होत. ही गोष्ट ध्यानात ठेवली असता पुढील विवेचन सुगम होईल.

अणुक्रमांक

मूलद्रव्यांची ओळखीची खूण कोणती? रशियन शास्त्रज्ञ मेंडेलेव्ह ह्यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्यांची आवर्त सारणी तयार केली, तेव्हा त्यांनी मूलद्रव्ये मुख्यत्वे अणुभाराच्या क्रमाने मांडली. सारख्या स्वभावाची मूलद्रव्ये ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांच्या सारणीचे मर्म होय. परंतु अणुभाराच्या क्रमात काही विसंगती होत्या. आर्गॉनचा अणुभार सुमारे ३९.९५ व पोटॅशियमचा ३९.१० आहे. अणुभार प्रमाण मानला तर पोटॅशियम आधी यावे व आर्गॉन नंतर. पण तसे केल्यास आर्गॉनसारखा स्वस्थ वायू सोडियमसारख्या अतिक्रियाशील धातूंच्या पंक्तीत जाऊन बसतो.

हा पेच इंग्लंडमधील हेन्री मोसली ह्या तरुण शास्त्रज्ञाने सोडविला. १९१३ व १९१४ मध्ये त्यांनी निरनिराळ्या मूलद्रव्यांपासून निघणाऱ्या क्ष-किरणांची कंप्रता मोजली. प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या विशिष्ट कंप्रतेचे क्ष-किरण देते. सारणीत एकेक घर पुढे गेल्यास ह्या कंप्रतेचे वर्गमूळ जवळजवळ सारख्या पायरीने वाढत जाते, असे त्यांना दिसून आले. जी राशी प्रत्येक घरास एकाने वाढते ती केंद्राच्या धनभाराचीच असू शकते. हीच अणुक्रमांक होय. अणुक्रमांक म्हणजे केंद्रातील प्रोटॉनांची संख्या, आणि उदासीन अणूत इलेक्ट्रॉनही तितकेच. आर्गॉनचा अणुक्रमांक १८ व पोटॅशियमचा १९ असल्यामुळे त्यांचा क्रम निर्विवादपणे ठरला.

मोसलींच्या पद्धतीचा आणखी एक मोठा उपयोग झाला. रांगेत किती मूलद्रव्ये असावयास पाहिजेत व त्यांपैकी कोणती अद्याप सापडावयाची आहेत, हे आता बोटांवर मोजता येऊ लागले. रिकाम्या राहिलेल्या घरांपैकी एक घर ७२ व्या क्रमांकाचे होते. ही पद्धत देणारे मोसली मात्र पहिल्या महायुद्धात सैन्यात दाखल झाले व १० ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोली येथे मारले गेले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

इलेक्ट्रॉनांची कवचे

केंद्राभोवती इलेक्ट्रॉन वाटेल तसे विखुरलेले नसतात. कोपनहेगनचे नील्स बोर ह्यांनी १९१३ मध्ये असे प्रतिपादन केले की, अणूतील इलेक्ट्रॉनास ठराविक ऊर्जेच्या पायऱ्यांवरच राहता येते, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही. ह्या पायऱ्यांच्या गटांना कवचे असे म्हणतात. बोर ह्यांच्या मूळ कल्पनेत इलेक्ट्रॉन हा सूर्याभोवतीच्या ग्रहासारखा वर्तुळात फिरत असे. १९२५-२६ नंतर हायझेनबर्ग, श्रोडिंजर आदी शास्त्रज्ञांनी पुंजयामिकी हे नवे शास्त्र उभारले. त्यानुसार इलेक्ट्रॉनाचा निश्चित मार्ग सांगता येत नाही. तो कोठे सापडण्याचा किती संभव आहे एवढेच सांगता येते. म्हणून कवच हे कांद्याच्या पापुद्र्यासारखे घट्ट आवरण आहे असे समजू नये. तो एक संभवाचा ढग आहे. मात्र पायऱ्यांची व त्यांवरील इलेक्ट्रॉनांच्या संख्येची कल्पना नव्या शास्त्रातही कायम राहिली.

प्रत्येक कवचाचे उपविभाग असतात. त्यांना एस, पी, डी व एफ अशी नावे आहेत. एस उपकवचात जास्तीत जास्त २, पी उपकवचात ६, डी उपकवचात १० व एफ उपकवचात १४ इलेक्ट्रॉन मावतात. ह्या मर्यादेचे कारण वोल्फगांग पाउली ह्यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या नियमात आहे : अणूतील कोणतेही दोन इलेक्ट्रॉन सर्वस्वी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. पहिल्या कवचात फक्त एस, दुसऱ्यात एस व पी, तिसऱ्यात एस, पी व डी, आणि चौथ्यात चारही उपकवचे असतात. तेव्हा कवचांची धारणशक्ती अशी होते :

पहिले कवच : २
दुसरे कवच : २ + ६ = ८
तिसरे कवच : २ + ६ + १० = १८
चौथे कवच : २ + ६ + १० + १४ = ३२

आता काही परिचित मूलद्रव्यांची मांडणी पाहू. आकडे केंद्रापासून बाहेरच्या क्रमाने दिले आहेत.

निऑन (१०) : २, ८
सोडियम (११) : २, ८, १
क्लोरीन (१७) : २, ८, ७
आर्गॉन (१८) : २, ८, ८
पोटॅशियम (१९) : २, ८, ८, १

निऑन व आर्गॉन ह्यांच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन आहेत. ही मांडणी अत्यंत स्थिर असल्यामुळे हे वायू सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत. सोडियम व पोटॅशियम ह्यांच्या बाहेरच्या कवचात प्रत्येकी एकच इलेक्ट्रॉन आहे. तो गमावला की आतील स्थिर मांडणी उघडी पडते. म्हणून दोन्ही धातू तो सहजपणे देऊन टाकतात व दोन्हींचा स्वभाव सारखा असतो. क्लोरीनला आठाची संख्या पुरी करण्यास एक इलेक्ट्रॉन हवा असतो. सोडियमने दिलेला इलेक्ट्रॉन क्लोरीनने घेतला, की दोन भारित अणू परस्परांना आकर्षितात आणि आपले नित्याचे मीठ तयार होते. संयोगप्रसंगी अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा भागीदारीत वापरतो, ह्यावरून त्याची संयुजा ठरते.

पोटॅशियमच्या मांडणीत एक गोष्ट लक्ष वेधून घेते. तिसऱ्या कवचात १८ जागा असताना आठच इलेक्ट्रॉन भरले असून एकोणिसावा इलेक्ट्रॉन थेट चौथ्या कवचात गेला आहे. ह्याचे कारण असे की, चौथ्या कवचाचे एस उपकवच पोटॅशियमच्या अणूत तिसऱ्याच्या डी उपकवचापेक्षा कमी ऊर्जेचे असते, आणि इलेक्ट्रॉन प्रथम कमी ऊर्जेची जागा धरतो. मागे राहिलेली डी उपकवचाची दहा घरे पुढे स्कँडियमपासून (२१) भरू लागतात. म्हणजे आतील कवचात राहिलेली जागा बाहेरचे कवच सुरू झाल्यावर भरली जाते. आपल्या कथेतील मूलद्रव्याचे रहस्य नेमके ह्याच नियमात आहे.

चौदा की पंधरा?

आवर्त सारणीत ५७ व्या क्रमांकाच्या लँथॅनमपासून पुढे एक विलक्षण समूह आहे. त्यातील मूलद्रव्यांस पूर्वी विरल मृत्तिका असे म्हणत. ती परस्परांशी इतकी सारखी आहेत की ती वेगळी करण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांना एकच स्फटिकीकरण शेकडो, क्वचित हजारो वेळा करावे लागे. त्यांची संयुजा बहुधा तीनच आढळते. सारणीत एकेक घर पुढे गेले असता स्वभाव बदलावयास पाहिजे. तो येथे बदलत का नाही?

उत्तर असे की, ह्या मूलद्रव्यांत नवा इलेक्ट्रॉन बाहेरच्या म्हणजे सहाव्या कवचात जात नाही. तो आत खोलवर असलेल्या चौथ्या कवचाच्या एफ उपकवचात जातो. बाहेरून पाहणाऱ्यास घर तेच दिसते. माणसांची भरती आतल्या माजघरात होत असते. एफ उपकवचात चौदा जागा असल्यामुळे ही आतील भरती चौदा घरांपर्यंतच चालू शकते. लँथॅनमची मांडणी २, ८, १८, १८, ९, २ अशी आहे, तर ७१ व्या क्रमांकाच्या ल्युटेशियमची २, ८, १८, ३२, ९, २ अशी. चौथ्या कवचातील १८ चे ३२ झाले. बाकी सर्व आकडे तेच आहेत. वाटेत एकदोन ठिकाणी किरकोळ अपवाद आढळतात, परंतु त्याने मुख्य मुद्द्यास बाध येत नाही.

चौथे कवच ३२ इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरले. आता ७२ वा इलेक्ट्रॉन कोठे जाणार? आत जागा नाही. म्हणून तो बाहेरच्या बाजूस पाचव्या कवचात गेला पाहिजे, आणि मांडणी २, ८, १८, ३२, १०, २ अशी झाली पाहिजे. ही मांडणी पुढील दोन धातूंच्या शेजारी ठेवून पाहावी :

टायटॅनियम (२२) : २, ८, १०, २
झिर्कोनियम (४०) : २, ८, १८, १०, २
क्रमांक ७२ : २, ८, १८, ३२, १०, २

तिन्हींचा शेवट १० व २ असा होतो, आणि तिन्हींत आठाच्या भरलेल्या मांडणीवर दोन डी इलेक्ट्रॉन व सर्वांत बाहेर दोन एस इलेक्ट्रॉन, असे चार इलेक्ट्रॉन संयोगास मोकळे राहतात. तेव्हा ७२ वे मूलद्रव्य विरल मृत्तिकांच्या समूहातील तीन संयुजेचे नसून झिर्कोनियमसारखे चार संयुजेचे असले पाहिजे. हीच गोष्ट नुसत्या बेरजेनेही पडताळता येते. ३९ व्या यिट्रियमच्या खाली ५७ वे लँथॅनम येते, म्हणजे अंतर १८ चे. त्याच हिशेबाने ४० व्या झिर्कोनियमच्या खाली ५८ वे मूलद्रव्य यावे. परंतु मध्ये एफ उपकवचाचे चौदा इलेक्ट्रॉन भरावयाचे असतात; म्हणून ५८ + १४ = ७२. एफ उपकवचात पंधरा जागा असत्या, तर ७२ वे मूलद्रव्य विरल मृत्तिकाच झाले असते. चौदा की पंधरा, ह्या एका आकड्यावर इलेक्ट्रॉनांच्या मांडणीच्या सिद्धांताची कसोटी लागणार होती.

पॅरिस आणि कोपनहेगन

७२ वे मूलद्रव्य आपणास सापडले आहे, असे फ्रान्समधील ज्येष्ठ शास्त्रज्ञ झॉर्झ उर्बें ह्यांचे म्हणणे होते. विरल मृत्तिकांच्या पृथक्करणात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. ल्युटेशियमच्या शोधकांत त्यांची गणना होते. १९११ साली त्यांनी विरल मृत्तिकांच्या अवशेषांत एक नवे मूलद्रव्य असल्याचे जाहीर करून त्यास सेल्टियम असे नाव दिले. १९१४ मध्ये ते आपले नमुने घेऊन ऑक्सफर्ड येथे मोसलींकडे गेले. ज्या परीक्षणास एरवी वर्षे लागत, ते मोसलींच्या क्ष-किरणांनी थोड्या दिवसांत पार पाडले. परंतु सेल्टियमच्या रेषा काही दिसल्या नाहीत. पुढे १९२२ मध्ये पॅरिस येथे दोव्हिल्ये ह्यांनी अधिक सूक्ष्म साधनांनी त्याच नमुन्याचे परीक्षण केले व ७२ व्या मूलद्रव्याच्या दोन अत्यंत फिकट रेषा दिसल्याचे सांगितले. हे खरे मानले, तर ७२ वे मूलद्रव्य विरल मृत्तिका ठरत होते आणि बोर ह्यांची मांडणी कोसळत होती.

७२ वे घर झिर्कोनियमच्या खालचे असावे, अशी शंका काही रसायनशास्त्रज्ञांनी पूर्वीही व्यक्त केली होती. शिवाय बोर ह्यांचे त्या वेळचे विवेचन निव्वळ गणितातून निघालेले नव्हते. रसायनाने गोळा केलेल्या पुराव्याचाही त्यांनी आधार घेतला होता, आणि एफ उपकवचाच्या चौदा जागांचे कारण पाउलींचा नियम येईपर्यंत पूर्णपणे उलगडले नव्हते. परंतु मूलद्रव्याचा स्वभाव इलेक्ट्रॉनांच्या मांडणीतून यावयास पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यामुळे शोध कोठे घ्यावयाचा हे निश्चित झाले. विरल मृत्तिकांच्या खनिजांत शोधण्याऐवजी झिर्कोनियमच्या खनिजांत शोधावयास हवे होते.

हे काम कोपनहेगन येथील बोर ह्यांच्या संस्थेत डच शास्त्रज्ञ डर्क कोस्टर व हंगेरियन शास्त्रज्ञ गेओर्ग हेवेशी ह्यांनी हाती घेतले. नॉर्वेतील झिर्कोनियमयुक्त खनिजाचे त्यांनी क्ष-किरणांनी परीक्षण केले. मोसलींच्या नियमानुसार ७२ व्या मूलद्रव्याच्या रेषा जेथे पडावयास हव्या होत्या, तेथेच त्या स्पष्टपणे उमटलेल्या दिसल्या. ही वार्ता बोर ह्यांना स्टॉकहोम येथे कळविण्यात आली. त्या वर्षीचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक स्वीकारण्यासाठी ते तेथे गेले होते. ११ डिसेंबर १९२२ रोजी दिलेल्या आपल्या व्याख्यानाच्या अखेरीस त्यांनी हा शोध जाहीर केला. जानेवारी १९२३ मध्ये ‘नेचर’ ह्या साप्ताहिकात त्यासंबंधीचे पत्र प्रसिद्ध झाले. कोपनहेगनच्या हाफ्निया ह्या लॅटिन नावावरून नव्या मूलद्रव्यास हाफ्नियम असे नाव देण्यात आले.

वाद लगेच मिटला नाही. महायुद्धाच्या कटू आठवणी ताज्या असल्यामुळे त्यात राष्ट्राभिमानही मिसळला. परंतु निर्णय अखेर पुराव्याने झाला. हाफ्नियम झिर्कोनियमच्या अनेक खनिजांत आढळले, आणि तेही अगदी अल्प प्रमाणात नव्हे, तर बहुधा झिर्कोनियमच्या शेकडा एकदोन भाग इतके. संग्रहालयांतील व प्रयोगशाळांतील झिर्कोनियमच्या जुन्या नमुन्यांतही ते निघाले. सेल्टियम म्हणून ज्याचे वर्णन झाले होते, ते मुख्यतः ल्युटेशियमच होते, असे निष्पन्न झाले.

एवढे साम्य कशामुळे?

झिर्कोनियम व हाफ्नियम ह्यांच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी सारखी असल्यामुळे त्यांचा स्वभाव सारखा असणार, हे उघड आहे. परंतु सोडियम व पोटॅशियम ह्यांचीही बाह्य मांडणी सारखी असून ते ओळखण्यास कठीण नाहीत. पोटॅशियमचा अणू मोठा असतो, म्हणून त्याची क्रियाशीलता अधिक असते. मग एका पंक्तीने खाली असलेल्या हाफ्नियमचा अणू झिर्कोनियमच्या अणूपेक्षा मोठा का नाही?

ह्याचेही कारण विरल मृत्तिकांच्या समूहात सापडते. त्या चौदा घरांत केंद्रातील धनभार चौदाने वाढतो. नव्याने आत भरलेले एफ इलेक्ट्रॉन हा वाढलेला भार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपासून पुरेसा झाकू शकत नाहीत. परिणामी केंद्र बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना अधिकाधिक जवळ ओढते व अणू थोडथोडा आकसत जातो. एक कवच वाढल्यामुळे आकारात जी वाढ व्हावयास हवी होती, ती ह्या आकुंचनाने जवळजवळ तंतोतंत भरून काढली. झिर्कोनियम व हाफ्नियम ह्यांच्या अणूंच्या आकारांतील फरक शेकडा एकाच्या आसपास आहे. बाह्य मांडणी तीच व आकारही तोच असल्यामुळे दोहोंच्या स्फटिकांत एक अणू दुसऱ्याच्या जागी सहज बसतो. त्यांना वेगळे करण्यासाठी हेवेशी व त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांच्या द्विफ्लुओराइडांचे पुन्हा पुन्हा स्फटिकीकरण करावे लागले.

मात्र वजनात ते एकमेकांपासून दूर आहेत. झिर्कोनियमचा अणुभार ९१.२ व हाफ्नियमचा १७८.५ आहे. आकार तोच आणि वजन दुप्पट, म्हणून घनताही दुप्पट : झिर्कोनियमची पाण्याच्या सुमारे साडेसहापट, हाफ्नियमची सुमारे सव्वातेरापट.

केंद्रांचा वेगळेपणा

रसायनाच्या दृष्टीने जुळी असलेली ही मूलद्रव्ये केंद्राच्या दृष्टीने मात्र अगदी भिन्न प्रकृतीची आहेत. अणुभट्टीत युरेनियमच्या केंद्राचे विखंडन न्यूट्रॉनांच्या योगाने चालू राहते. मंद न्यूट्रॉन शोषून घेण्याची झिर्कोनियमच्या केंद्राची प्रवृत्ती फार अल्प आहे. हाफ्नियमची ती पाचशेपटींहून अधिक आहे. इंधनाभोवतीची नळी न्यूट्रॉन न शोषणारी व तापलेल्या पाण्याने न गंजणारी असावी लागते. म्हणून तिच्यासाठी झिर्कोनियमचे मिश्रधातू वापरतात. उलट, विखंडनाची क्रिया आवरून धरणाऱ्या नियंत्रक दांड्यांसाठी काही अणुभट्ट्यांत हाफ्नियम वापरले जाते. म्हणजे एकाच खनिजातून निघालेले एक मूलद्रव्य इंधनास वेढून असते व दुसरे त्याच अग्नीस लगाम घालते.

त्यामुळे १९२३ साली केवळ सिद्धांताच्या सत्यतेशी निगडित असलेला हा भेद पुढे उद्योगाचाही विषय झाला. केरळ, तामिळनाडू व ओडिशा येथील समुद्रकिनाऱ्यांवरील वाळूत झिर्कॉनचे कण सापडतात. हैदराबाद येथे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या अणुइंधन संकुलात झिर्कॉनपासून झिर्कोनियम काढून त्यातील हाफ्नियम वेगळे केले जाते. त्यासाठी दोहोंचे नायट्रेट द्रावण ट्रायब्युटिल फॉस्फेट ह्या सेंद्रिय द्रवाच्या संपर्कात आणतात. दोन्ही मूलद्रव्ये ह्या द्रवात किंचित निरनिराळ्या प्रमाणात शिरतात. तोच सूक्ष्म फरक पायरीपायरीने वाढवीत नेऊन झिर्कोनियम शुद्ध केले जाते. अणुभट्टीयोग्य झिर्कोनियमच्या दहा हजार भागांत हाफ्नियमचा एक भागही चालत नाही. महाराष्ट्रातील तारापूर येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या भट्ट्यांपासून पुढे भारतात पाण्याने थंड ठेवल्या जाणाऱ्या ज्या ज्या वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्या उभ्या राहिल्या, त्यांत इंधनाच्या नळ्यांसाठी झिर्कोनियमचेच मिश्रधातू योजिले गेले.

सारांश

आता आरंभीच्या दोन प्रश्नांची उत्तरे देता येतील. झिर्कोनियम व हाफ्नियम सारखी दिसतात, कारण त्यांच्या बाह्य इलेक्ट्रॉनांची मांडणी सारखी आहे व अणूंचा आकारही जवळजवळ समान आहे. ती निराळी आहेत, कारण त्यांच्या केंद्रांतील प्रोटॉनांची संख्या निराळी आहे : एकाची ४०, दुसऱ्याची ७२. मूलद्रव्य कोणते हे केंद्र ठरविते. ते इतरांशी कसे वागेल हे मुख्यतः बाहेरचे इलेक्ट्रॉन ठरवितात. आवर्त सारणीतील घरे ही केवळ स्मरणासाठी आखलेली चौकट नसून प्रत्येक घरामागे इलेक्ट्रॉनांच्या मांडणीचा एक हिशेब आहे, आणि तो हिशेब बरोबर मांडता आला म्हणूनच १३४ वर्षे लपून राहिलेले मूलद्रव्य कोठे शोधावे हे कळले.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मॅग्नेशियमचा अणुक्रमांक १२ व कॅल्शियमचा २० आहे. दोहोंच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी लिहा व त्यांची संयुजा सारखी का आहे ते सांगा.

२. अणुभाराऐवजी अणुक्रमांक हा मूलद्रव्याची खूण मानल्यामुळे आर्गॉन व पोटॅशियम ह्यांच्या क्रमासंबंधीची अडचण कशी दूर झाली?

३. टायटॅनियम ते झिर्कोनियम हे अंतर १८ चे, तर झिर्कोनियम ते हाफ्नियम हे ३२ चे आहे. हा फरक १४ चाच का?

४. हाफ्नियमच्या पुढील पंक्तीही ३२ घरांची आहे. हाफ्नियमच्या बरोबर खाली येणाऱ्या मूलद्रव्याचा अणुक्रमांक काढा. त्या मूलद्रव्याचे नाव ह्या पाठात उल्लेखिलेल्या एका शास्त्रज्ञावरून ठेवले आहे. ते कोणते, हे आवर्त सारणीत पाहून सांगा.